तीन रकान्यांत न मावणारा खेळ : महाविद्यालयांना आणि क्रीडा अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे क्रीडा संचालक, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि शालेय क्रीडा स्पर्धा भरवणारे अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

प्रवेशाचे दिवस आले की खेळाडू विद्यार्थ्यांचे अर्ज सही-शिक्क्यासाठी आमच्याकडे येतात. महाविद्यालय कोणतंही असो, अर्जाचा सांगाडा तोच. खेळाचं नाव, सहभागाचा सर्वोच्च स्तर, मिळालेला क्रमांक. सोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. फार तर उंचीचा चौथा रकाना. धावणाऱ्याला किंवा भालाफेक करणाऱ्याला हे रकाने पुरतात, कारण त्याची वेळ आणि त्याचं अंतर हे त्याच्या एकट्याचं असतं. व्हॉलीबॉलपटूबद्दल मात्र ते जवळजवळ काहीच सांगत नाहीत. ‘विभागीय, सहभाग’ एवढ्या दोन शब्दांवरून ती मुलगी सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी) आहे की ब्लॉकर (जाळीपाशी समोरचा स्मॅश अडवणारी), सगळे सेट खेळली की बाकावर बसून होती, हे कळायला काही मार्ग नाही. तरीही त्या दोन शब्दांवर तिचा प्रवेश ठरतो. यंदाही तसाच ठरला, म्हणून हे पत्र.

आम्ही शाळांमधले आणि कनिष्ठ महाविद्यालयांमधले क्रीडाशिक्षक, आणि संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल शिकवणारे मार्गदर्शक आहोत. सातवी-आठवीत मुलं आमच्या हाती येतात. दहावी-बारावीपर्यंत आम्ही त्यांना घडवतो आणि मग तुमच्या दाराशी आणून सोडतो. त्या दारापाशी किती खेळाडू गळतात ते आम्हाला दिसतं, तुम्हाला दिसत नाही, कारण जे आत आलेच नाहीत त्यांची नोंद तुमच्याकडे नसते. आमची तक्रार एकच आहे : तुम्ही खेळाडू निवडत नाही, कागद निवडता.

हा कागद तयार कसा होतो ते आधी पाहा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी चढण असते. पहिल्या दोन पायऱ्यांवर सामने बहुतेक बाद पद्धतीने होतात. सकाळी भाग्यपत्रिका निघते, मैदानावर फक्की मारली जाते आणि तीन सेटचे सामने धडाधड सुरू होतात. १६ संघ असतील तर १५ सामन्यांत सगळा निकाल लागतो, आणि ८ संघ एकच सामना खेळून घरी जातात. समजा एखादा संघ १८-२५, २०-२५ असा हरला. दोन्ही सेट मिळून ८८ रॅली झाल्या. त्या संघातला मधला ब्लॉकर मागच्या रांगेत गेला की त्याच्या जागी लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारा खेळाडू, येतो. म्हणजे ब्लॉकर यातल्या साधारण निम्म्याच रॅलींत मैदानावर असतो. शाळेच्या पातळीवर पासिंग डळमळीत असतं, त्यामुळे मधल्या जागेवरून त्याला स्मॅश मारायला चार-पाचच चेंडू मिळतात. चार-पाच चेंडू, आणि त्याचं शालेय व्हॉलीबॉल त्या वर्षापुरतं संपलं. त्याच्या प्रमाणपत्रावर ‘जिल्हा’ हा शब्दसुद्धा येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. एखाद्या जोरदार शाळेचा बारावा खेळाडू, जो वर्षभरात दोनदा सर्व्हिसपुरता मैदानात आला, तो ‘राज्यस्तर, द्वितीय’ असं प्रमाणपत्र घेऊन तुमच्यासमोर उभा राहतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण तुमच्या रकान्यांत तो त्या ब्लॉकरच्या तीन पायऱ्या वर बसतो.

साखळी सामने घ्यायला वेळ नाही, असं प्रत्येक वेळी सांगितलं जातं. आम्ही हिशेब मांडून देतो. १६ संघांचे चार गट केले तर गटातले २४ सामने होतात. प्रत्येक गटातून दोन संघ पुढे, त्यांचे बाद पद्धतीने ७. एकूण ३१. तीन सेटचा शालेय सामना साधारण ५० मिनिटांत उरकतो. दोन मैदानं आखली तर प्रत्येकावर १३ तासांचा खेळ होतो, म्हणजे दोन दिवस, रोज साडेसहा तास. सकाळी ८ला पहिली शिट्टी वाजली, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी घेतली, तरी चारच्या आत दिवस आटोपतो. खर्च वाढेल तो एका दिवसाच्या पंच-मानधनाचा आणि एका रात्रीच्या मुक्कामाचा. त्या बदल्यात प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील. जिल्हा पातळीपासून एवढं करा, ही आमची पहिली मागणी.

आता जागांविषयी, कारण खरा अन्याय तिथे होतो. लिबेरो घ्या. नियमाने त्याला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉकला उडी मारता येत नाही, आणि चेंडू पूर्णपणे जाळीच्या वर असताना तो मारून पलीकडे पाठवताही येत नाही. म्हणजे ज्याच्या नावावर गुण लागणारच नाही अशी सोय खुद्द नियमांनी केलेली आहे. त्याचं काम एवढंच, की समोरून आलेली सर्व्हिस हातावर घ्यायची आणि चेंडू सेटरच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा. हे काम किती बारीक असतं ते मैदानाच्या कडेला बसल्याशिवाय कळत नाही. तरंगती सर्व्हिस आली की चेंडू फिरत नाही, शेवटच्या दोन-तीन मीटरांत डुलतो आणि एकदम खाली पडतो. चांगला लिबेरो चेंडूकडे हात नेत नाही, पाय नेतो. सर्व्हिस करणाऱ्याच्या खांद्यावरून दिशा ओळखून तो आधीच अर्धं पाऊल सरकलेला असतो. चेंडू हातांवर येतो तेव्हा कोपर ताठ, मनगटं एकत्र आणि खांदे सेटरकडे कललेले असतात. हातांचा झोका जवळजवळ नसतोच. ज्याचे हात वर उसळतात त्याचा चेंडू जाळीपार जातो आणि समोरच्याला आयता स्मॅश मिळतो. हा सगळा फरक अर्ध्या सेकंदाचा. प्रमाणपत्रात तो कुठे लिहिणार?

सेटरचंही तेच. चेंडूला दर खेपेला दुसरा हात त्याचा. पास चुकला तरी धावत जाऊन, चेंडूखाली पाय रोवून, चार नंबरला (पुढच्या रांगेत डावीकडे) उंच आणि जाळीपासून हातभर दूर असा चेंडू देणारा सेटर संघाला तारतो. जाळीला चिकटवून दिलेला चेंडू प्रेक्षकांना छान दिसतो, पण तो ब्लॉकच्या तोंडात जातो. मग पडलेला गुण अटॅकरच्या नावावर चूक म्हणून नोंदला जातो, मूळ चूक कोणाची होती हे विसरलं जातं. गावाकडच्या कित्येक संघांतला सर्वांत हुशार खेळाडू सेटरच असतो, आणि निवडीच्या वेळी सर्वांत आधी तोच मागे पडतो, कारण पहिला प्रश्न येतो तो उंचीचा. १ मीटर ७२ ऐकलं की मान हलते.

उंची बघूच नका, असं आम्ही म्हणत नाही. मुलांची जाळी २.४३ मीटर आणि मुलींची २.२४ मीटर उंचीवर असते, तिथे उंचीला किंमत राहणारच. पण उंची मोजायची तर नीट मोजा. उपयोगाची मापं तीन आहेत : भिंतीला टेकून एक हात वर करून उभ्याने होणारी पोच, धाव घेऊन स्मॅशच्या उडीत होणारी पोच, आणि जागेवरून दोन्ही हातांनी ब्लॉकच्या उडीत होणारी पोच. लागतं काय, तर पोलादी टेप, बोटांना लावायला खडू आणि एक भिंत किंवा खांबाला बांधलेली फळी. अनवाणी की बुटांसह ते आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा. प्रत्येकाला तीन उड्या द्या, सर्वांत चांगली धरा. मातीवर मोजलेली उडी आणि लाकडी कोर्टावर मोजलेली उडी एकमेकींशी ताडून पाहू नका. उभ्याने २.३० मीटर पोच असलेला मुलगा धाव घेऊन ३ मीटरला हात लावत असेल तर त्याची उडी ७० सेंटिमीटरची आहे. दहा सेंटिमीटर उंच पण ४५ची उडी असलेल्या मुलापेक्षा तो जाळीवर जास्त कामाचा ठरू शकतो. आणि वयाचाही विचार करा. गट १ जानेवारीच्या जन्मतारखेवर ठरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात, मधे जवळजवळ एक वर्ष असतं. पंधराव्या वर्षी हे एक वर्ष म्हणजे कधी कधी वीतभर उंची. डिसेंबरची मुलं दहावीत बुटकी दिसतात आणि बारावीपर्यंत दाराच्या चौकटीला टेकतात. तोवर ती खेळातून बाहेर गेलेली असतात.

मग खेळाची नोंद ठेवायची कशी? आंतरराष्ट्रीय पद्धतीचा गुणतक्ता आपण वापरतो, त्यात सर्व्हिसचा क्रम, खेळाडू बदल, टाइमआउट आणि चढता गुणफलक येतो. पास कोणी केला, स्मॅश कोणी मारला, हे त्यात नसतं. ते नोंदवायला यंत्र लागत नाही. शाळेतली दोन शहाणी मुलं, एक पॅड आणि एक पेन्सिल पुरते. रिसिव्हला, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलण्याला, शून्य ते तीन गुण द्या. सेटरला तिन्ही दिशांना चेंडू देता आला तर ३. त्याला हलावं लागलं आणि मधला झटपट स्मॅश गेला, पण दोन्ही बाजू शिल्लक राहिल्या तर २. कसाबसा एकाच बाजूला उंच चेंडू देता आला तर १. चेंडू थेट पडला तर ०. सामन्याअखेर बेरीज करून रिसिव्हच्या संख्येने भागा. शालेय पातळीवर ज्याची सरासरी २ च्या आसपास राहते, तो मुलगा डोळे झाकून घेण्यासारखा आहे.

स्मॅशचा हिशेब याहून सोपा. मिळवलेल्या गुणांतून केलेल्या चुका वजा करा आणि एकूण प्रयत्नांनी भागा. एका मुलाने ३० चेंडू मारले, १४ गुण मिळवले आणि ११ बाहेर किंवा जाळीत घातले. हाती आलं ०.१००. दुसऱ्याने ३० मारले, १० गुण मिळवले, चुका फक्त २. हाती आलं ०.२६७. टाळ्या पहिल्याला पडतात, निवडही बहुतेक त्याचीच होते. संघाच्या पदरात जास्त टाकतो तो दुसरा.

आमची दुसरी मागणी याच्याशीच जोडलेली आहे. विभागीय आणि राज्य पातळीवरच्या प्रत्येक सामन्यासाठी असा एकपानी नोंदतक्ता सक्तीचा करा, आणि प्रमाणपत्रावर खेळाडूची जागा, जर्सी क्रमांक आणि प्रत्यक्ष खेळलेले सेट लिहा. तीन जादा ओळींचं काम आहे.

प्रमाणपत्रांचा प्रश्न इथे संपत नाही. सामन्यांचे गुणतक्ते आणि संघांच्या प्रवेशिका स्पर्धा झाल्यावर गठ्ठा बांधून कपाटात जातात, आणि पुढे सापडत नाहीत. ज्या मुलाने सतराव्या वर्षी राज्यस्तर गाजवला, तो चोवीस-पंचविसाव्या वर्षी शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी अर्ज करतो, तेव्हा पडताळणीत मूळ अभिलेख मागितला जातो. अभिलेख नसेल तर खरं प्रमाणपत्रही संशयात सापडतं. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्याचा भार प्रामाणिक खेळाडूच्या डोक्यावर का? स्पर्धा संपल्या दिवशीच प्रत्येक गुणतक्त्याचा आणि प्रवेशिकेचा मोबाइलवर फोटो काढून तो संकेतस्थळावर चढवा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून मगच प्रमाणपत्र छापा. एका अक्षराच्या फरकापायी मुलांना प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. हे थांबवणं तुमच्या हातात आहे.

आता वेळापत्रक. दहावी-बारावीचे निकाल मे महिन्यात लागतात, प्रवेश जून-जुलैत उरकतात. महाविद्यालयांच्या संघांच्या निवड चाचण्या मात्र ऑगस्टमध्ये, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिका भरायची वेळ आली की होतात. तोवर खेळाडू घराजवळच्या, संघ नसलेल्या महाविद्यालयात नाव घालून मोकळा झालेला असतो, नाहीतर वडिलांबरोबर कामाला लागलेला असतो. मग तुमचे क्रीडाशिक्षक आम्हाला फोन करून विचारतात, ‘सर, एखादा उंच मुलगा आहे का?’ होता, मे महिन्यात होता.

म्हणून तिसरी मागणी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : बारावीची परीक्षा संपल्यानंतर आणि प्रवेश सुरू होण्याआधी, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, प्रत्येक विद्यापीठाने आपल्या कार्यक्षेत्रात व्हॉलीबॉलची खुली निवड चाचणी घ्यावी. मुलांची आणि मुलींची वेगळी. प्रमाणपत्राची अट नको. विद्यापीठाला जोडलेल्या, संघ असलेल्या सगळ्या महाविद्यालयांनी त्याच चाचणीला यावं, म्हणजे मुलांना दहा गावांचे हेलपाटे पडणार नाहीत.

चाचणी कशी घ्यावी हेही सांगतो, कारण दहा चेंडू मारायला लावून ‘कळवतो’ म्हणण्याला चाचणी म्हणत नाहीत. ४० मुलं आणि दोन मैदानं धरा. सकाळी ७ ते ८ मापं. त्यानंतर दोन तास कौशल्य. रिसिव्हसाठी प्रत्येकाला १५ सर्व्हिस, पाच-पाच अशा तीन जागांवरून, आणि सर्व्हिस करणारे तेच तीन खेळाडू ठेवा, नाहीतर एकाला सोप्या आणि दुसऱ्याला अवघड येतात. सेटरला २० चेंडू द्या, त्यातले १० मुद्दाम वाईट, जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेच्या मागे टाकलेले. चांगल्या पासवर कोणीही सेट करतो. अटॅकरना चार नंबरवरून १०, दोन नंबरवरून (पुढच्या रांगेत उजवीकडून) १०, आणि मधल्यांना झटपट चेंडू. युनिव्हर्सल (दोन्ही रांगांतून मारणारा) म्हणून येणाऱ्याला मागच्या रांगेतूनही मारायला लावा. मग सहा विरुद्ध सहा. दोन मैदानांवर एका वेळी २४ मुलं खेळतात. प्रत्येकाला तीन पूर्ण सेट मिळवून द्यायचे तर पाच फेऱ्या लागतात, एका सेटला २५ मिनिटं धरली तर दोन तास पाच मिनिटं. दर फेरीला संघ मोडून नवे करा. ओळखीच्या सेटरशिवाय मुलगा कसा खेळतो ते त्यातच दिसतं. तीन परीक्षक, तीन वेगळे कागद, खेळ संपेपर्यंत आपसांत चर्चा नाही. १०० पैकी १० गुण मापांना, ३० कौशल्याला, ६० प्रत्यक्ष खेळाला. यादी गुणांसह त्याच संध्याकाळी फलकावर लावा. निवड न झालेल्या मुलालाही आपण कुठे कमी पडलो ते कळू द्या. त्याला अजून खेळायचं आहे.

जाळीबद्दल एक सूचना, कारण चाचणीतही हीच चूक होते. जाळी खांबापाशी मोजून बांधतात आणि मधे ती चार-पाच सेंटिमीटर झोळते. उंची मधोमध मोजा. दोन्ही बाजूंच्या रेषांवर ती सारखी हवी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त नको, असा नियम आहे. चेंडूत हवाही बघा. ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब हवा. टणक चेंडूवर चांगल्या रिसिव्हरचे हातही उडतात.

लांबून येणाऱ्यांना चाचणीला पोचणं शक्य नसेल तर व्हिडिओ स्वीकारा. अमेरिकेत हायस्कूलचे खेळाडू महाविद्यालयांपर्यंत पोचतात ते मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने. तिथे पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांनी व्हॉलीबॉल खेळाडूंशी निवडीसाठी कधीपासून संपर्क साधायचा याची तारीखही नियमात आहे : दहावी इयत्ता संपल्यानंतरचा १५ जून. आपल्याकडे तसा पैसा नाही हे आम्ही जाणतो, पण तारीख ठरवायला पैसा लागत नाही. व्हिडिओचे नियम साधे ठेवा. मोबाइल आडवा धरून शेवटच्या रेषेच्या मागे, शाळेच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून किंवा टेबलावर उभं राहून, दोन्ही बाजूंच्या रेषा दिसतील असा स्थिर ठेवायचा. चेंडूमागे फिरवायचा नाही. निवडक स्मॅशची जोडाजोड नको, सलग दोन सेट हवेत. पालक हौसेने बाजूला उभं राहून फक्त स्मॅश टिपतात, त्यात सेटरचे पाय दिसत नाहीत आणि रिसिव्हमधल्या चुका कापल्या जातात. सुरुवातीला नाव, जर्सी क्रमांक, जन्मवर्ष आणि जागा पुरे. अल्पवयीन मुलांचे पत्ते आणि फोन नंबर व्हिडिओत नकोत, ते शाळेमार्फत घ्या.

अकरावी-बारावीच्या दोन वर्षांबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. १७ वर्षांखालच्या गटात भरभरून येणारे संघ १९ वर्षांखालच्या गटात अचानक रोडावतात. कारण उघड आहे. मुलांची नावं कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये. मैदानावर सहा जण जमत नाहीत तिथे संघ कुठून उभा राहणार? ज्या कनिष्ठ महाविद्यालयांनी मैदान दाखवून मान्यता घेतली आहे, त्यांनी १९ वर्षांखालच्या निदान एका सांघिक खेळाच्या स्पर्धेत उतरावंच, अशी अट घाला. नाहीतर पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारा मुलगा दोन वर्षं चेंडूला हात न लावता आलेला असतो, आणि पहिल्या पंधरवड्यात गुडघा धरून बसतो.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे. एक अटॅकर रोजच्या सरावात सहज शंभर उड्या मारतो. सिमेंटच्या कोर्टावर हे रोज झालं तर वाटीखालची कंडरा (स्नायूची दोरी) दुखायला लागते, आणि मुलं ती दुखणी लपवतात, कारण संघातून काढतील अशी भीती असते. तुमच्याकडे आलेला खेळाडू महाविद्यालयाकडून, विद्यापीठाकडून, जिल्ह्याकडून आणि क्लबकडून असा चार ठिकाणी खेळतो. त्याच्या उड्यांचा एकत्र हिशेब कोण ठेवतं? निवडलेल्या प्रत्येक खेळाडूचा विमा आणि वर्षातून दोनदा फिजिओथेरपिस्टकडून तपासणी, एवढी जबाबदारी महाविद्यालयाने घ्यावी.

चौथी मागणी कागदाचीच आहे, पण तुमच्या कागदाची. खेळाडूला प्रवेश देताना जी आश्वासनं दिली जातात ती तोंडी असतात. ‘फी बघून घेऊ, राहायचं बघू.’ जूनमध्ये बघून घेऊ म्हटलेली फी डिसेंबरात मुलाकडून मागितली जाते, आणि तोवर दाखला आणि मूळ गुणपत्रिका महाविद्यालयाच्या ताब्यात गेलेल्या असतात. प्रवेशाच्या दिवशी सही-शिक्क्याचं एक पानभर पत्र द्या. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, वसतिगृह, मेस, बूट आणि गणवेश, प्रवासभत्ता यांपैकी काय मिळणार आणि किती वर्षं? दुखापत झाली तर काय चालू राहील? स्पर्धेमुळे बुडालेल्या अंतर्गत परीक्षा पुन्हा घेणार का? पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अश्वमेध म्हणून ओळखला जाणारा राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव आणि त्याआधीची सराव शिबिरं मिळून मुलं आठवडेच्या आठवडे बाहेर असतात. तेवढ्यावरून त्यांची हजेरी ७५ टक्क्यांखाली दाखवून परीक्षेला अडवणं हे कोणत्या न्यायात बसतं? नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत सहशालेय उपक्रमांना श्रेयांक आहेत आणि त्यांत क्रीडा येतं. ते श्रेयांक प्रत्यक्ष खेळणाऱ्या मुलांच्या गुणपत्रिकेवर दिसू द्या.

मुलींसाठी वेगळं लिहावं लागतं, कारण त्यांची गळती वेगळ्या ठिकाणी होते. खेळ आवडतो, घरचेही पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पाठवतात. मग चाचणी परगावी असते, सोबत कोण जाणार हा प्रश्न येतो, आणि विषय मिटतो. मुलींच्या चाचणीच्या सूचनेत मुक्कामाची जागा, महिला शिक्षिकेचं नाव आणि परतीच्या गाडीची वेळ लिहा. वसतिगृहाच्या दाराची वेळ आणि सरावाची वेळ जुळवून घ्या. सराव सात वाजता संपतो आणि दार सहाला लागतं अशी स्थिती असेल तर तिथे मुलींचा संघ कागदावरच राहणार. चाचणीच्या जागी बंद दाराचं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लिहितो.

हे सगळं अशक्य आहे असं म्हणू नका. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य (नेहमीच्या संख्येहून जादा) जागा ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी, आणि त्यांच्या खेळांच्या यादीत व्हॉलीबॉल आहे. जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत यावं लागतं, मग क्रमवारी खेळावर लागते. प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ साली सुरू झाली, आता तिच्यात मुंबईच्या आणि गोव्याच्या नावाचेही संघ आहेत. म्हणजे वरचं टोक तयार आहे. खालचं टोक आमच्या मैदानांवर आहे. मधला जिना तुमच्याकडे आहे, आणि तो पदवीच्या वयातच चढावा लागतो, नंतर नाही.

आमच्या बाजूनेही उणिवा आहेत. आम्हीच प्रवेशिकेत खेळाडूची जागा लिहीत नाही, सामन्यांची आकडेवारी ठेवत नाही, आणि वरच्या सहा जणांवर विसंबून बाकीच्यांना सामन्यात उतरवत नाही. येत्या हंगामापासून या पत्रावर सह्या करणारी प्रत्येक शाळा वर सांगितलेला नोंदतक्ता सगळ्या सामन्यांना ठेवील, प्रत्येक खेळाडूची तीन मापं जुलैत आणि जानेवारीत घेईल, आणि दहावी-बारावीच्या खेळाडूंचे सलग दोन सेट चित्रित करून ठेवील. ज्या महाविद्यालयाला हवं असेल त्याला ही माहिती पालकांच्या संमतीने, विनामूल्य मिळेल. चाचणीसाठी मैदान आखायला, जाळी बांधायला आणि गुण नोंदवायला आम्ही आमची माणसं देऊ.

तुमच्याकडून आम्हाला ३१ मार्चपर्यंत तीन गोष्टी जाहीर झालेल्या हव्या आहेत : खुल्या चाचण्यांच्या तारखा आणि ठिकाणं, चाचणीचे गुण कसे देणार त्याचा तक्ता, आणि निवड झालेल्या खेळाडूला द्यायच्या पत्राचा नमुना. कोणत्या महाविद्यालयाला कोणत्या जागेचा खेळाडू हवा आहे हेही त्यासोबत लिहा. ‘दोन सेटर, एक लिबेरो, दोन मधले ब्लॉकर’ एवढं लिहिलंत तरी आमची मुलं आपला अर्ज कुठे करायचा ते ठरवतील.

कळावे,

आपले,
शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक आणि व्हॉलीबॉल मार्गदर्शक